जमिनीत मुरलेला सोमल



'त्याने दिल्या शब्दाला हरताळ फासला' असे आपण बोलता बोलता सहज म्हणून जातो. पण हरताळ म्हणजे काय, आणि तो फासतात कशाला, असे कोणी विचारले तर पुष्कळांना उत्तर सुचणार नाही. बाजार बंद ठेवतात तो हरताळ निराळा. हा हरताळ म्हणजे एक पिवळेधमक खनिज. पूर्वी पोथ्या हाताने लिहीत. लिहिणाऱ्याचे एखादे अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा लेप देत आणि लेप वाळला की त्यावर बरोबर अक्षर लिहीत. म्हणून हरताळ फासणे म्हणजे असलेले पुसून टाकणे.

ह्या हरताळाचे एक तांबडे भावंड आहे, त्याला मनशीळ म्हणतात. आणि पांढरे भावंड म्हणजे सोमल. तिघांच्याही पोटात एकच मूलद्रव्य आहे; शाळेच्या पुस्तकात त्याला आर्सेनिक म्हणतात. चितारी, वैद्य, उंदीर मारणारे अशा सगळ्यांना हे द्रव्य फार दिवसांपासून ठाऊक होते. वैद्य ते गुंजेच्या अंशांनी मोजी आणि घरात ते कुलपात राही. हे विष आहे आणि ते जपून हाताळले पाहिजे, ही समज आपल्या लोकांना होतीच.

आज मला सांगायची आहे ती कुलपातल्या सोमलाची गोष्ट नव्हे. शेताच्या मातीत मुरलेल्या सोमलाची आहे. तो मातीत कसा आला, कोणी आणला, आणि आल्यावर तो कशाच्या जोरावर बसून राहतो किंवा पिकात चढतो, हे आपण पाहू.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की धरा. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. शेण कुजते, पालापाचोळा कुजतो, पुष्कळशी औषधेसुद्धा ऊनपावसाने काही वर्षांत मोडून जातात. मूलद्रव्य मोडत नाही. ते जाळा, पुरा, कुजवा, जंतूंना खायला घाला. त्याचे रूप बदलेल, पण ते नाहीसे होणार नाही. तसे पाहिले तर जगातल्या प्रत्येक मातीत ते थोडेफार असतेच. साधारण मातीत दर टनाला पाच-सहा ग्रॅम असते आणि तेवढ्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते माणूस त्यात भर घालतो तेव्हा. ही भर शेतात दोन दारांनी आली. एक दार वरचे, म्हणजे फवाऱ्याचे. दुसरे दार खालचे, म्हणजे पंपाचे. आणि गंमत अशी, की दोन्ही दारे चांगल्या हेतूने उघडली गेली.

पहिली हकीकत अमेरिकेतली आहे. तिकडच्या डोंगराळ मुलखात पिवळ्या पाठीवर काळे पट्टे असलेला एक भुंगेरा रानटी झुडपांवर गुजराण करून राहत असे. वसाहतवाले बटाटा लावीत लावीत पश्चिमेकडे सरकले आणि ह्या भुंगेऱ्याला पंचपक्वान्नांचे ताट मिळाले. १८५९ साली त्याने नेब्रास्कात बटाट्याची शेते फस्त केली, आणि तेथून पूर्वेकडे सरकत १८७४ च्या सुमारास तो अटलांटिकच्या किनाऱ्याला जाऊन थडकला. हाताने किडे वेचून बादलीत टाकण्यापलीकडे शेतकऱ्याजवळ उपाय नव्हता. बायकामुले दिवसदिवसभर किडे वेचीत आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो शेत पुन्हा किड्यांनी भरलेले.

तेव्हा 'पॅरिस ग्रीन' नावाचा हिरवा रंग बाजारात मिळत असे. खिडक्यांच्या झडपांना तो लावीत. तांबे आणि आर्सेनिक यांचा तो बनलेला. १८६७ च्या सुमारास शेतकऱ्यांनी हा रंग पिठात मिसळून बटाट्याच्या पाल्यावर टाकून पाहिला, आणि भुंगेरे पटापट मेले! बुडते पीक डोळ्यांदेखत वाचले. त्या शेतकऱ्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते, नाही का?

पण हा रंग पाने करपवीत असे. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स संस्थानात दुसरे संकट उभे राहिले. एका हौशी गृहस्थाने रेशमाच्या प्रयोगासाठी युरोपातून एका पतंगाची अंडी आणली होती. त्यातले काही कीटक निसटले आणि वीस वर्षांत त्यांच्या अळ्यांनी गावेच्या गावे निष्पर्ण करून सोडली. ह्या अळीवर उपाय शोधताना १८९२ साली लेड आर्सेनेट पुढे आले. यात आर्सेनिकच्या जोडीला शिसे. हे पान करपवीत नाही आणि पानाला चिकटून राहते. पाऊस पडला तरी लवकर धुऊन जात नाही. सफरचंदाच्या बागाईतदारांना तर ते वरदानच वाटले, कारण फळात शिरून गाभा पोखरणाऱ्या अळीने ते बेजार झाले होते. पुढे पन्नास-साठ वर्षे ह्या बागांतून लेड आर्सेनेटचे फवारे उडत राहिले. सुरुवातीला हंगामात एक-दोन फवारण्या पुरत. अळी सोकावत गेली तशा फवारण्या वाढल्या आणि औषधही दाट होत गेले.

मध्यंतरी इंग्लंडात एक प्रकार घडला. १९०० साली मँचेस्टरच्या बाजूला बिअर पिणारे हजारो लोक आजारी पडले आणि सत्तरएक दगावले. बिअरसाठी वापरलेल्या साखरेत आर्सेनिक निघाले. ती साखर करताना जे गंधकाम्ल वापरले होते त्यातून ते आले होते. सरकारने लॉर्ड केल्व्हिन ह्या थोर शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि आयोगाने अन्नातल्या आर्सेनिकला मर्यादा सुचवली. पंचवीस वर्षांनी हीच मर्यादा अमेरिकेतून लंडनला येणाऱ्या सफरचंदांच्या आड आली. मग बागाईतदार फळे सौम्य आम्लाच्या पाण्यातून धुऊन काढू लागले. फळ स्वच्छ झाले, गिऱ्हाईक खूश झाले, माल खपू लागला.

पण बंधूंनो, फळ धुतले. झाडाखाली टपकलेला फवारा कोणी धुतला?

तो मातीत उतरत होता. वॉशिंग्टन संस्थानात वेनॅची आणि याकिमा ही सफरचंदांची प्रसिद्ध खोरी आहेत. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात तेथल्या काही बागाईतदारांनी जुनी झाडे उपटून टाकली आणि त्या जागी लसूणघास, घेवडा अशी पिके घेऊन पाहिली. रोपे पिवळी पडली, खुरटली, कित्येक ठिकाणी उगवून मेली. पाणी भरपूर, माती भुसभुशीत, मग झाले काय? तेथल्या सरकारी महाविद्यालयातील मृदाशास्त्रज्ञांनी माती तपासली आणि १९३६ साली निष्कर्ष छापला. फवाऱ्यातले आर्सेनिक नांगरटीच्या वरच्या थरात साचून राहिले होते. सफरचंदाच्या मोठ्या झाडाची मुळे त्या थराखाली खोल गेलेली असत, म्हणून इतकी वर्षे त्या झाडांनी तक्रार केली नव्हती. घासाची नि घेवड्याची कोवळी मुळे नेमकी वरच्याच थरात वाढतात. बापाने फवारलेले विष लेकाच्या पिकाला भोवले, ते असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर नवी कीटकनाशके आली आणि लेड आर्सेनेट मागे पडले. अमेरिकेत त्यावर कायद्याने बंदी आली ती मात्र १९८८ साली. बंदी आल्याने जमीन काही निवळली नाही. पुढे कित्येक जुन्या बागांच्या जागी घरे झाली, शाळा झाल्या. एकविसाव्या शतकात त्या शाळांच्या आवारांतली माती तपासावी लागली आणि काही ठिकाणी ती बदलावीही लागली. ज्याने फवारा मारला तो केव्हाच गेला होता. त्याच्या आठवणीत नसलेला हिशेब मातीने ठेवला होता.

आता शिक्षक मित्रांसाठी एक प्रश्न. एकाच मापाने आर्सेनिक पडले तरी एका शेतात पीक मरते आणि शेजारच्या शेतात तरारून येते, असे का व्हावे?

ह्याचे उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागात सापडले. तो कापसाचा मुलूख. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी बोंडांवर सोंड्या किडा आला आणि कापूसवाल्यांनी कॅल्शियम आर्सेनेटची भुकटी धुरळायला सुरुवात केली. साउथ कॅरोलिना संस्थानातल्या प्रयोगांत असे दिसले, की हलक्या रेताड जमिनीत थोड्या भुकटीनेही पुढचे पीक मार खाते, पण तांबड्या चिकण जमिनीत त्याहून जास्त भुकटी खपून जाते. यातले इंगित त्या तांबडेपणात आहे. मातीचा तांबडा रंग म्हणजे लोखंडाचा गंज. आणि गुळाच्या ढेपेला मुंगळे चिकटावेत तसे आर्सेनिक ह्या गंजाच्या कणांना चिकटून बसते. मातीत गंज आणि चिकणमाती जितकी जास्त, तितके आर्सेनिक बांधलेले राहते. रेतीला ते बांधून ठेवणे जमत नाही. तेथे ते मोकळे राहते आणि मुळांत शिरते.

दुसरी गोष्ट खताची. सुपर फॉस्फेटमधला स्फुरद हा रसायनाच्या दृष्टीने आर्सेनिकचा चुलतभाऊच. दोघांचा तोंडवळा इतका सारखा, की गंजाच्या कणावरच्या एकाच पाटावर दोघेही बसू पाहतात. स्फुरद जास्त पडला की तो आर्सेनिकला पाटावरून उठवतो. उठलेले आर्सेनिक मग कुठे जाणार? काही पाण्याबरोबर खाली, काही मुळांकडे. याचा अर्थ स्फुरद वाईट असा मुळीच नव्हे. पण ज्या मातीत आधीच आर्सेनिक साचलेले आहे, तेथे खताची मात्रा माती तपासून ठरवावी, अंदाजाने नव्हे.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि हीच सर्वांत मोठी. गंज टिकतो तो हवेमुळे. शेतात पाणी साचून राहिले की मातीतली हवा कोंडली जाते. मातीतले जंतू मात्र जिवंतच असतात. त्यांना कुजका पालापाचोळा खायचा असतो आणि त्यासाठी प्राणवायू हवा असतो. तो हवेतून मिळेनासा झाला की ते गंजातला वापरू लागतात. गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात सुटते. एवढेच नव्हे, तर त्याचे रूपही पालटते. नवे रूप जास्त चंचल असते आणि भाताच्या मुळांत सहज शिरते. म्हणून ज्या मातीत गहू सुखाने येतो, त्याच मातीत पाणी बांधून लावलेला भात अडचणीत येऊ शकतो.

अमेरिकेत कापसाच्या जुन्या जमिनींवर भात लावला तेव्हा हे दिसून आले. भाताची भरलेली लोंबी कशी, लवून असते. पण कित्येक शेतांत लोंब्या ताठ उभ्या राहिल्या, कारण आत दाणाच नव्हता, सगळे पोचट. ह्या रोगाला तिकडे ताठमानेचा रोग अशाच अर्थाचे नाव आहे. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत, आणि मातीत साचलेले आर्सेनिक हे त्यांतले एक ठरले. उपायही शेतातलाच सापडला. भर हंगामात पाणी सोडून द्यायचे, जमिनीला भेगा पडेपर्यंत ती वाळू द्यायची, आणि मग पुन्हा पाणी बांधायचे. हवा आत शिरली की गंज पुन्हा धरतो आणि आर्सेनिकला पुन्हा बांधून घेतो.

ही पाण्याची गोष्ट ध्यानात ठेवा. कारण आता आपल्याला खालच्या दाराकडे जायचे आहे, आणि ते दार आपल्याच देशात, बंगालच्या सपाट मुलखात उघडले.

बंगालमध्ये पाण्याला तोटा नाही. पण तळ्याडबक्यांचे पाणी पिऊन पटकीने नि हगवणीने पोरे पटापट जात. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारांनी आणि युनिसेफसारख्या संस्थांनी गावोगाव कूपनलिका खणून हापसे बसवले. काम पुण्याचे होते. त्याच्या पाठोपाठ उथळ विंधणविहिरींवर पंप बसले आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या शेतांत भाताचे दुसरे पीक उभे राहिले. ह्या पिकाला तिकडे 'बोरो' म्हणतात. १९४३ साली ज्या मुलखात लाखो माणसे भुकेने मेली, त्या मुलखाला ह्या पंपाने दोन वेळचा भात दिला. हे उपकार विसरून चालणार नाही.

पण १९८३ च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे चोवीस परगण्यातले रोगी येऊ लागले. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय राठ झालेले. गावातले लोक त्याला महारोग समजत आणि अशा माणसाला दूर बसवत. डॉ. साहांनी ओळखले, की हा महारोग नव्हे, ही आर्सेनिकची बाधा आहे. आणि शोध घेता ती हापशाच्या पाण्यातून आलेली निघाली. पुढे जादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून गावोगाव फिरून पाण्याचे नमुने तपासले. बांगलादेशात १९९३ साली चपाई नवाबगंज जिल्ह्यातल्या विहिरींत तेच निघाले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेतील एका लेखात ह्या प्रकाराचे वर्णन इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे केले गेले. कोट्यवधी माणसे असे पाणी पीत होती.

येथे कारखाना नव्हता, फवाराही नव्हता. मग विष कुठले? हिमालयाचे खडक झिजून गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना ह्या नद्यांनी जो गाळ गेल्या काही हजार वर्षांत आणून टाकला, त्या गाळाच्या रेतीला गंजाचे पुट होते आणि पुटाला थोडेसे आर्सेनिक चिकटलेले होते. त्याच गाळात झाडपाला गाडला गेला. वर पाणी, हवा बंद. मग जंतूंनी तेच केले जे आपण आता भाताच्या खाचरात पाहिले. गंज विरघळला, आर्सेनिक पाण्यात सुटले. म्हणजे बंगालची भूमी पोटात एक प्रचंड भिजलेले खाचरच बाळगून होती! उथळ विहिरी नेमक्या ह्या थरात उतरल्या. त्याखालचे फार जुने थर पुष्कळ ठिकाणी निर्दोष आहेत.

पिण्याच्या पाण्याची चर्चा पुष्कळ झाली. पण पंप दिवसरात्र चालत होते ते पिण्याकरिता नव्हे, शेताकरिता. त्या पाण्यातले आर्सेनिक गेले कुठे? शिक्षक मित्रहो, हे गणित वर्गात फळ्यावर मांडून दाखवा. सातवी-आठवीच्या मुलालाही येईल.

एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर शेत घ्या. बोरोच्या हंगामात त्याला एक मीटर खोलीइतके पाणी द्यावे लागते. हे झाले दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. लिटरमध्ये आर्सेनिक एक मिलिग्रॅमचा दहावा भाग आहे असे धरा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली घातलेली मर्यादा शंभराव्या भागाची आहे. म्हणजे हे तिच्या दहापट झाले, आणि बंगालात असे पाणी दुर्मिळ नाही. एका हंगामात शेतावर पडले दहा लाख मिलिग्रॅम, म्हणजे पुरते एक किलो आर्सेनिक! आता ह्या शेताच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन अंदाजे दोन हजार टन भरते. सगळे तेथेच राहिले असे धरले, तर दर टनाला वर्षाकाठी अर्धा ग्रॅमची भर पडली. वीस वर्षांत दहा ग्रॅम. मूळचे पाच-सहा होते, ते पंधरा-सोळा झाले. डोळ्यांना काही दिसत नाही, नाकाला काही कळत नाही, पाणी तर काचेसारखे नितळ.

हे नुसते फळ्यावरचे गणित नाही. बांगलादेशातील फरीदपूर जिल्ह्यात एका विहिरीचे पाणी सोळा-सतरा वर्षे ज्या भातशेतीला दिले होते, ती शेती शास्त्रज्ञांनी वाफ्यावाफ्याने तपासली. पंपाचे पाणी जेथे शेतात शिरते तेथल्या मातीत आर्सेनिक दर टनाला साठ ग्रॅमच्या घरात होते आणि दूरच्या टोकाला बारा ग्रॅमच्या आसपास. आणि पीक? जेथे आर्सेनिक कमी तेथे हेक्टरी सात ते नऊ टन, जेथे सर्वांत जास्त तेथे दोन ते तीन टन. जे टोक पाण्याला सर्वांत जवळचे, एरवी जे सर्वांत चांगले पिकावे, तेच सर्वांत कमी पिकले.

असे का, तेही पाहा. पंपातून बाहेर पडताच पाण्यातल्या विरघळलेल्या लोखंडाला हवा लागते, त्याचा गंज होतो, आणि तो आर्सेनिकला घेऊन पहिल्या वाफ्यातच तळाला बसतो. त्यानंतर उभ्या पाण्याखाली तो गंज पुन्हा विरघळतो आणि भाताच्या मुळाशी विष मोकळे होते. भाताला सिलिका फार लागते. ती आत घेण्याचे मुळाचे जे दार आहे, त्याच दाराने हे आर्सेनिक चोरपावलांनी आत जाते. मग ते पेंढ्यात जाते, थोडे दाण्यात जाते. पेंढा गुरे खातात, दाणा आपण खातो. म्हणून २०१४ साली आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने पॉलिश केलेल्या तांदळातील अजैविक आर्सेनिकला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली.

ह्या हकीकतीत एक दिलासाही आहे. पावसाळ्यात ज्या शेतांवर नदीचा पूर चढतो, तेथे साचलेल्या आर्सेनिकचा बराच भाग पुराच्या पाण्यात सुटून वाहून जातो. ज्या पुराला शेतकरी शिव्या देतो, तोच पूर दरवर्षी थोडी थोडी जमीन धुऊन देतो. जेथे बांध घालून पूर अडवला, तेथे ही धुलाई थांबते. म्हणजे जमिनीचे भवितव्य कशावर अवलंबून आहे पाहा: पाण्यात किती आले, मातीत गंज नि चिकण किती, पाणी किती दिवस उभे राहिले, स्फुरद किती घातला, आणि पूर येऊन गेला की नाही. एकाच गावातली दोन शेते म्हणूनच सारखी नसतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे बंगालचे नि अमेरिकेचे. आमच्या महाराष्ट्राचे काय? उगाच घाबरून जाण्याचे कारण नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीचा बाप म्हणजे काळा कातळ, आणि ह्या कातळात आर्सेनिक मुळातच कमी असते. पण महाराष्ट्र म्हणजे सगळा काळा कातळ नव्हे. पूर्व विदर्भातले खडक निराळे, पुष्कळ जुने. गडचिरोलीच्या हद्दीला लागून छत्तीसगडचा अंबागड चौकीचा भाग आहे. तेथल्या कौडीकसा गावाच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्या तपासण्यांत त्या भागातल्या मातीत नि तांदळातही ते आढळले. तेथे गंगेचा गाळ नाही. तेथे ते खडकातूनच आले. तेव्हा हिशेब राज्याचा नसतो. तो गावाचा, विहिरीचा आणि खाचराचा असतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट, विंधणविहिरीचे पाणी तपासून घ्यावे, आणि तपासणीत आर्सेनिक धरले आहे का ते मुद्दाम विचारावे; क्षारांच्या साध्या तपासणीत ते दिसत नाही. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटते आणि ते दाट होते. दुसरी गोष्ट, जेथे दोष आढळेल तेथे शेताला शक्यतो नदीनाल्याचे, तळ्याचे, पावसाचे साठवलेले पाणी द्यावे. पंपाचेच द्यावे लागले तर ते आधी एखाद्या खड्ड्यात मुरू-निवळू द्यावे. तांबडा गाळ तेथेच बसेल. तो गाळ खत म्हणून शेतात मात्र टाकू नये. तिसरी गोष्ट, भाताचे खाचर सदासर्वदा तुडुंब ठेवण्याऐवजी मधून मधून वाळू द्यावे. मात्र काही जमिनींत वाळवल्याने कॅडमियम नावाचा दुसरा जड धातू दाण्यात वाढतो. म्हणून हे कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने करावे. चौथी गोष्ट घरातली. आपल्या कोकणातल्या आयाबाया भरपूर पाण्यात भात शिजवून वेळून पेज काढीत, ती रीत येथे उपयोगी पडते. चांगल्या पाण्यात असा भात शिजवून वरचे पाणी टाकून दिले तर दाण्यातले आर्सेनिक बरेचसे कमी होते. चांगल्या पाण्यात, हे शब्द विसरू नका. दूषित पाण्यात शिजवला तर ते वाढेल. आणि अशा भागातल्या तांदळाची पेज मुलांना पाजू नये.

ह्या सर्वांहून मोठा धडा ह्या इतिहासाचा आहे. बटाटेवाल्याने फवारा मारला तो पीक वाचवायला. सरकारने हापसा बसवला तो पोरे वाचवायला. शेतकऱ्याने पंप लावला तो पोट भरायला. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. चूक एकच झाली. शेतात जे आणतो आहोत त्यात काय आहे, आणि पीक निघाल्यावर ते कुठे जाणार, हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही. वेनॅचीच्या बागाईतदाराला तो कित्येक वर्षांनी विचारावा लागला, फरीदपूरच्या शेतकऱ्याला सोळा वर्षांनी. आपण तो आधी विचारू शकतो, कारण त्यांची हकीकत आपल्यापुढे आहे. नवे औषध, नवे खत, नवी विहीर, शहरातून आलेले सांडपाणी, कारखान्यातून फुकट मिळालेली मळी, काहीही शेतात घेताना हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही.

पोथीतले अक्षर चुकले तर त्यावर हरताळ फासून ते दुरुस्त करता येत होते. जमिनीत हरताळाचाच अंश उतरला तर त्यावर फासायला आपल्याजवळ काही नाही. म्हणून तेथे आधीच जपून लिहायचे. तुमच्या गावच्या विहिरीचे पाणी कधी तपासले होते, हे आज संध्याकाळी पारावर एकदा विचारून पाहा.